डबल की दोन सिंगल

७ सप्टेंबर, रविवार

ठरलं. डिसेंबरमध्ये बर्फात जायचं. मी आणि चेतना. डिसेंबरात लग्नाला दहा वर्षं होतील आणि दहा वर्षांत आम्ही महाबळेश्वरच्या वर चढलेलो नाही. परवा ती लॅबमधून आली, पर्स कोपऱ्यात फेकली आणि म्हणाली, "मला एकदा अशा ठिकाणी ने जिथे दात वाजतील. आपण दोघंच. नातेवाईक नकोत." मी लगेच हो म्हणालो. निर्णयाला उशीर लावणारा माणूस मी नव्हे.

हिमालयातल्या ट्रेकचं बुकिंग सुरू झालंय. पण बुकिंग ही शेवटची पायरी. आधी सामान. सामानात सगळ्यात महत्त्वाचं काय? लोक म्हणतात बूट. लोकांना काय कळतं. बर्फावर झोपलं की ऊब वरून जात नाही, खालून जाते. जमीन ओढून घेते. म्हणून स्लीपिंग पॅड. हलकं, इन्सुलेटेड, पाठीवर मारून नेता येईल असं. ऑफिसातला नितेश म्हणाला, ट्रेकवाले मॅट देतात. भाड्याची मॅट! शंभर अनोळखी पाठी झोपून गेलेली! नितेश स्टोअर्समध्ये आहे, त्याला एवढंच दिसणार.

मी परचेसमध्ये आहे. हॉस्पिटलचे बेड बनवणारी कंपनी, सतरा वर्षं फोम विकत घेतोय. बोटाने दाबून डेन्सिटी सांगतो. हा विषय माझ्या दारात चालत आलाय. आठवडाभरात संपवतो.

९ सप्टेंबर

सगळी मदार आर-व्हॅल्यूवर आहे. पॅड जमिनीची थंडी किती अडवतं, त्याचा आकडा. एक-दोन म्हणजे लोणावळा. चारच्या वर म्हणजे बर्फ. आकडा वाढला की किंमत आणि वजन वाढतं, वजन कमी केलं की किंमत अजून वाढते. सोपं आहे.

झोप येईना म्हणून बरंच वाचून काढलं. हवा दमट आहे. चेतना मे महिन्यापासून माळ्यावर झोपते. खाली एसी आहे. माळ्यावर टेबलफॅन आणि डोक्यावर तापलेला पत्रा. पण तिला मोकळी हवा लागते. प्रत्येकाची बॉडी वेगळी. शिवाय तिची लॅब सहाला उघडते, रक्त द्यायला लोक उपाशी रांगेत उभे असतात, त्यामुळे तिला पाचला उठावं लागतं.

ऑफिसचा रिमाइंडर आला. कंपनी अंधेरीतून उचलून वापीच्या पुढे नेतायत. आम्ही तिकडे येणार की नाही ते कळवायचं. एप्रिलच्या शेवटी सांगितलं होतं, मुदत नोव्हेंबरअखेर. म्हणजे अजून भरपूर वेळ. चेतनाला सांगितलेलं नाही. उगाच तिची झोप उडेल.

१४ सप्टेंबर, रविवार

अंधेरीला ट्रेकिंगच्या दुकानात जाऊन आलो. फोटो बघून पॅड घेणं म्हणजे फोटो बघून लग्न करणं.

दुकानदाराने तीन प्रकार जमिनीवर मांडले. एक घडीचा फोम, हलका, पण पाठीला कळतं की खाली फरशी आहे. दुसरं आपोआप फुगणारं, आरामशीर, पण वजन बघून मी परत ठेवलं. तिसरं हवेचं. आत चंदेरी अस्तर, अंगाची ऊब अंगाकडे परत फेकतं. फुगवलं तर पलंग, घडी केली तर पाण्याची बाटली. मी त्यावर पाठीवर, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि पोटावर झोपून बघितलं. प्रत्येक वेळी वेफर्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही घरी पण एवढं वळता का?" मी म्हटलं, मी टेस्टिंग करतोय.

मग जरा डोळे मिटले. उठलो तेव्हा दुकानात दुसरंच गिऱ्हाईक होतं आणि पोऱ्याने माझ्या बाजूने झाडून घेतलं होतं. एक तास! घरी मला इतकी झोप रात्रभरात लागत नाही. म्हणजे पॅडमध्ये दम आहे. घेतलं नाही. बाकी कंपन्या बघायच्या आहेत.

१५ सप्टेंबर

चेतनाला जेवताना पाच कंपन्यांची तुलना ऐकवली. ती भात कालवत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "प्रबुद्ध, तू बरा आहेस ना?" मी म्हटलं मस्त. तिने विचारलं, ऑफिस? मी म्हटलं झकास.

सहाव्या कंपनीची व्हॉल्व्हची माहिती मिळत नाहीये. अमेरिकेत मेल टाकलाय.

२२ सप्टेंबर

मोठाच प्रश्न उभा राहिला. डबल की दोन सिंगल?

दोघांसाठी एकच डबल पॅड मिळतं. दोन सिंगलपेक्षा वजन कमी. मध्ये फट नाही. फटीतून थंडी येते, हे सायन्स आहे. उलट सिंगलमध्ये एक पंक्चर झालं तर दुसरं उरतं.

नितेशला विचारलं. म्हणाला, वहिनींना विचार ना यार. सोसायटीच्या वॉचमनला सहज विचारलं, त्याने गावाकडची वेगळी राहणारी भावजय सांगायला घेतली. मामाला फोन केला. त्याला वाटलं आम्ही फ्लॅट घेतोय. चेतनाला विचारलेलं नाही. टेक्निकल गोष्ट आहे, तिच्या डोक्याला ताप नको.

मला स्वतःला डबल पटतं. कारण निव्वळ वजन.

३ ऑक्टोबर

काल दसरा. सकाळी सगळे विहारात. चेतना पांढऱ्या साडीत फार छान दिसत होती. तिने तिथे बायकांना सांगितलं, आम्ही डिसेंबरमध्ये बर्फात चाललोय. म्हणजे आता सगळ्या सेक्टरला माहीत. तिने रजाही मंजूर करून आणली. मला म्हणाली, बुकिंग झालं ना? मी म्हटलं, जवळजवळ.

बुकिंग करायला दोन मिनिटं लागतात. पण पॅडच्या साइझवर तंबू, तंबूवर बॅग आणि बॅगेवर सगळा ट्रेक अवलंबून. पायाच्या आधी छप्पर टाकत नाहीत.

सँपल म्हणून हवेचं एक सिंगल मागवलंय. नको वाटलं तर परत.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज ऐतिहासिक टेस्ट होती. मुंबईत आर-व्हॅल्यू तपासणार कशी? इथे जमीनच अंगापेक्षा गरम. पण डोकं चालवलं की मार्ग निघतो. नितेशचा चुलत भाऊ अनंत चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका आइस्क्रीमच्या गोडाऊनला सुपरवायझर आहे. त्याच्या कोल्ड रूममध्ये शून्याच्या खाली अठरा. नितेशने शब्द टाकला. अनंत म्हणाला, पाच मिनिटं, आणि दार मी धरून उभा राहणार.

स्वेटर, माकडटोपी, दोन पँटी घालून आत गेलो. जमिनीवर पॅड टाकलं, आडवा झालो. खालून थंडी अजिबात नाही! वरून मात्र भयंकर. ही कोल्ड रूमची चूक, पॅडची नव्हे. डाव्या कुशीवर वळलो तर फरशी गुळगुळीत असल्यामुळे पॅड सरकलं. परत वळलो, परत सरकलं. असं करत करत मी पॅडसकट फॅमिली पॅकच्या थप्पीला जाऊन भिडलो. थप्पी आली अंगावर. अनंतने मला पाय धरून बाहेर ओढलं. लोडर लोक एवढे हसले की त्यांचं काम थांबलं.

अनंत म्हणाला, "साहेब, आमची कुल्फी तुमच्यापेक्षा शांत झोपते."

निष्कर्ष: इन्सुलेशन उत्तम. पण एकट्याचं पॅड सरकतं. दोघांच्या वजनाने सरकणार नाही. डबल.

१३ ऑक्टोबर

सर्दी, ताप. ऑफिसला दांडी. चेतना दुपारी लवकर आली. नितेशने तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, आगाऊ माणूस. ती आधी चिडली, मग आइस्क्रीमच्या थप्पीचं ऐकून पलंगावर बसून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच महिन्यांनी ती खाली पलंगावर बसली. कपाळावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

मग म्हणाली, "एवढं करू नकोस रे. मला फक्त थंडी हवीये. आणि पॅड घेणारच असशील तर दोन सिंगल घे. तू एका वेळी चार दिशांना झोपतोस."

ती नेहमी असं स्वतःला कमी लेखते. तिला वाटतं, डबल म्हणजे उगाच थाट. मी गुपचूप डबल ऑर्डर केलं. सरप्राइज.

१८ ऑक्टोबर

डबलची डिलिव्हरी दिवाळीनंतर. बुकिंगच्या पानावर लाल अक्षरांत "थोड्याच जागा शिल्लक". ही मार्केटिंगची जुनी ट्रिक. मी स्वतः परचेसमध्ये आहे, मला कोण घाई लावणार?

२ नोव्हेंबर, रविवार

डबल आलं. काल त्याचं उद्घाटन. पलंग भिंतीला उभा केला, पॅड खाली पसरलं, एसी अठरावर. चेतनाला हाक मारली. ती शिडीवरून अर्धी उतरली, पॅड बघितलं आणि तिथेच थांबली. मग म्हणाली, "बघू या." उशी घेऊन आली.

जे घडलं ते वस्तुनिष्ठपणे लिहितो.

आत हवेचा कप्पा एकच आहे. जाहिरातीत हे लिहिलेलं नव्हतं. मी डावीकडे वळलो की चेतना वर जायची. मी उजवीकडे वळलो की ती खाली यायची आणि माझ्याकडे घरंगळायची. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही. म्हणाली, जत्रेतला पाळणा आहे हा. आम्ही गप्पा मारल्या. लग्नानंतर वाकोल्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, तिथे एकच चादर होती, ती आठवली. मग ती गप्प झाली. मला वाटलं झोपली. मी पाणी प्यायला उठलो आणि तिच्या बाजूची हवा सगळी माझ्या रिकाम्या जागेत आल्यामुळे ती थेट फरशीवर गेली.

कोपराला लागलं. मी व्हॉल्व्ह तपासत होतो तेव्हा ती म्हणाली, "प्रबुद्ध, तुला झोप का लागत नाही?"

मी म्हटलं, कप्पा एक आहे म्हणून.

ती म्हणाली, "आजचं नाही विचारत. मेपासूनचं विचारतेय. तू रात्रभर तळमळतोस. मी वर झोपते कारण मला पाचला उठून लोकांच्या शिरा शोधायच्या असतात. माझा हात हलून चालत नाही."

मी म्हटलं, मला वाटलं तुला मोकळी हवा लागते. तिने उशी उचलली आणि वर गेली.

डबल परत पाठवतोय. डिझाइनमध्येच गडबड.

४ नोव्हेंबर

आज ट्रेकच्या पानावर "जागा संपल्या". आम्ही वेटिंगला. लोक ऐन वेळी कच खातात, वेटिंगवाल्यांचा नंबर हमखास लागतो. चेतनाला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एवढा समजूतदारपणा सगळ्या बायकांत नसतो.

९ नोव्हेंबर, रविवार

चेतना सकाळी सुई, ट्यूब आणि पट्टा घेऊन समोर बसली. म्हणाली, थंडीत जायचं तर फिटनेस बघायला हवा, हात पुढे कर. मी म्हटलं, अजून वेटिंग क्लिअर व्हायचंय. ती म्हणाली, हात. शीर एका फटक्यात सापडली, कळलंसुद्धा नाही. तीन ट्यूब भरल्या. एवढं रक्त कशाला, विचारलं. म्हणाली, साखर, थायरॉइड, आणि अजून काही.

बर्फाच्या तयारीत तीसुद्धा उतरली, हे चांगलं लक्षण.

१२ नोव्हेंबर

रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल. मी उड्या मारल्या. चेतनाने रिपोर्ट मांडीवर ठेवले आणि ती रडायला लागली. एकदम. मी घाबरलो. मी म्हटलं, अगं नॉर्मल आहे ना?

ती म्हणाली, "म्हणूनच. किती दिवस मी घाबरून होते माहितीये? वजन उतरलंय, झोप नाही, जेवताना लक्ष नाही. मी रोज लोकांचे रिपोर्ट बघते रे. रोज वाटायचं, तुझाच आहे." मग नाक पुसून म्हणाली, "आता शरीरात काही नाही हे कळलं. मग काय आहे ते सांग."

तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं. पण नीट पूर्ण माहिती नसताना अर्धवट सांगणं माझ्या स्वभावात नाही. वापीला क्वार्टर देणार की नाही हे अजून एचआरने कळवलेलं नाही. मी म्हटलं, "डबल की सिंगल ठरत नाहीये, त्याचं टेन्शन आहे."

तिने रिपोर्टची घडी केली. मग कुकर लावायला उठली.

संकल्प: एचआरला उद्याच उत्तर.

१९ नोव्हेंबर

उत्तराचा मसुदा तयार आहे. दोन मसुदे आहेत. एक हो, एक नाही. दोन्ही उत्तम जमलेत.

नव्या पॅड्सचे रिव्ह्यू वाचतोय. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी साडेतीन इंच जाडी हवी. रात्रभर वळणाऱ्यांसाठी कडा उंच हव्या. म्हणजे माझ्यासारखे जगभर आहेत. त्यांच्यासाठी कंपन्या निघाल्यात. बरं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मुदत. दिवसभर लॅपटॉप उघडून बसलो. वापीच्या बाजूने: नोकरी टिकते, सतरा वर्षं वाया जात नाहीत. विरुद्ध: चेतना इथे, तिची लॅब इथे, मी तिकडे खोलीत एकटा, शनिवारी येणार. न जाण्याच्या बाजूने: घर. विरुद्ध: बेचाळिसाव्या वर्षी फोम दाबत दारोदार फिरणं. तुलना अजून थोडी बारकाईने करायला हवी.

पॅडचं मात्र ठरवून टाकलं. पूर्ण अभ्यासाअंती माझा स्वतःचा निष्कर्ष: दोन सिंगल. ते सँपल आहेच, त्याचाच जोडीदार मागवला. चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, "वा."

१ डिसेंबर

एचआरचा मेल. नीट वाचला तर पहिल्या पत्रातच खाली बारीक अक्षरांत होतं: मुदतीत उत्तर न आल्यास संमती समजण्यात येईल. म्हणजे जानेवारीपासून वापीच्या पुढे.

एका अर्थी माझा निर्णय झाला. शांतपणे, गाजावाजा न करता.

रात्री डोळा लागला नाही.

५ डिसेंबर

उद्या सहा डिसेंबर. दरवर्षीप्रमाणे वाशिमहून आमची माणसं आली, चैत्यभूमीला जायला. चंपाआत्या, तिच्या दोन सुना, गावचे धोंडिराम काका, अजून चौघं. घरात पाय ठेवायला जागा नाही. चेतनाने सकाळपासून भाकऱ्या थापल्या. "नातेवाईक नकोत" ते बर्फाबद्दल होतं. सहा तारखेला तिच्या कपाळावर आठी नसते.

आत्याला गुडघ्याचा त्रास, तिला सँपल पॅड फुगवून दिलं. तिने बोटाने टोचून बघितलं. "काय होय रे बाबू हे? फुगा होय काय?" मी आर-व्हॅल्यू समजावली. ती म्हणाली, "मले काही समजत नाही बाप्पा, पण याच्यावर हललं की कुरकुर होते, जसा उंदीर घुसला." तरी त्यावर पहुडली आणि बोलता बोलता झोपली. वेफर्सचा आवाज एकदाही नाही. ती वळलीच नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल सगळे दादरहून थकून, समाधानाने परतले. आज जाणार होते म्हणून नितेश भेटायला आला. हॉलमध्ये पंगत बसलेली. आत्याने मला विचारलं, कंपनी कशी चालली बाबू? मी म्हटलं एकदम झकास.

नितेश भाताचा घास तोंडात धरून म्हणाला, "वहिनी, मग तुमचं काय ठरलं? तुम्ही पण जाणार वापीला, की हा एकटाच?"

चेतनाच्या हातात वरणाची पळी होती. तिने धोंडिराम काकांना वाढलं, मग पुढच्याला वाढलं, सगळी पंगत पूर्ण केली. नितेशला म्हणाली, "बघू भावजी, अजून ठरायचंय. पापड घ्या." आवाज अगदी नेहमीचा. मी लोणच्याकडे बघत होतो.

तर अशा रीतीने मी चेतनाला सांगितलं. सगळी माणसं सोबत असताना सांगितलेलं बरं, धक्का कमी बसतो.

१० डिसेंबर

घरात शांतता आहे. चेतना कामापुरतं बोलते. डोक्याला शांतपणा मिळाला की माणूस कमी बोलतो.

दुसरं सिंगल आलं. वेटिंग क्लिअर झालं नाही. त्या ट्रेकवाल्यांवर मी विश्वास टाकला, हे चुकलं. नितेश म्हणाला, हिमालय राहू दे, शनिवारी आमचा ग्रुप जव्हारच्या पुढे तळ्याकाठी कॅम्पला चाललाय, दोघं या. चेतनाची रजा मंजूर आहेच. चेतनाला विचारलं. ती म्हणाली, "मी येतेय. अक्षताला पण सांगितलंय." अक्षता तिच्या लॅबमधली मैत्रीण. मला ये किंवा नको ये, असं काही म्हणाली नाही. गृहीत धरलं असणार.

१२ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

दोन्ही पॅड गुंडाळून बॅगेत भरली. पहाटे साडेपाचला बोरिवलीच्या हायवेवरून बस. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. मी श्रीखंड आणलं.

चेतना शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली. मी फरशीवर. श्रीखंडाचा डबा मध्ये. ती म्हणाली, "तू मला गादीच्या पंधरा कंपन्या सांगितल्यास. कुठली किती ग्रॅम, कुठल्या देशात बनते. ही एक कंपनी सांगायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, तुझी झोप उडाली असती.

ती म्हणाली, "माझी झोप? पत्र्याखाली झोपत होते मी. मेमध्ये."

मग मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, हो लिहायला घेतलं की तू दिसायचीस आणि नाही लिहायला घेतलं की घरी बसलेला मी दिसायचो. म्हणून रात्रभर एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर. हे बोलताना माझा आवाज विचित्र झाला. श्रीखंडामुळे घसा बसला होता.

चेतना खाली उतरून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "वापी म्हणजे काय चंद्र आहे का? बोरिवलीहून गाडी आहे. सोमवारी जा, शनिवारी ये. सहा महिने बघू, नाही जमलं तर दुसरी नोकरी शोध. मी आहे ना कमावती. यात सात महिने तळमळण्यासारखं काय होतं?"

तिने सगळं दोन मिनिटांत उरकलं. एकही तुलना नाही. मी थक्क झालो, पण दाखवलं नाही.

ती म्हणाली, पहाटे निघायचंय, अंधारात शिडी उतरायला नको, आज खालीच झोपते. पलंगावर बॅगा आहेत. साधी चटई टाकलीये. पॅड परत कोण उलगडणार?

अलार्म तीन लावलेत. मी साडेचारला उठून चहा करणार.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपारी १२.१०

आत्ता उठलो.

घरात कोणी नाही. बॅग नाही. फोनवर चेतनाचा मेसेज: "तीन अलार्म झाले, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तू फक्त कूस बदललीस, एकदाच. इतक्या महिन्यांनी झोपला होतास, जास्त उठवावंसं वाटलं नाही. भात फ्रीजमध्ये आहे. उद्या संध्याकाळी येते."

नितेशला फोन केला. म्हणाला, मागून बसने ये, जव्हारहून रिक्षा मिळते. जाणारच होतो. जरा पाठ टेकली.

संध्याकाळी ६.४०

उठलो. भात खाल्ला. आता जाण्यात अर्थ नाही.

१४ डिसेंबर, रविवार

चेतना आली. नाक उन्हाने लाल, केसांत गवत, मूड एकदम खूश. शूज काढता काढता सांगत सुटली. तळ्यात चांदणं पडलं होतं, कुणीतरी वांगी भाजली, अक्षताने बेसूर गाणी म्हटली आणि सगळ्यांनी साथ दिली. दात वाजले का, विचारलं. म्हणाली, पहाटे अगदी थोडे, स्वेटर घातल्यावर थांबले.

मग मी मुख्य विषयाला हात घातला. पॅड? म्हणाली, तुझंही होतंच ना बॅगेत, म्हणून दोन्ही एकावर एक घातली आणि त्यावर झोपले. अशी झोपले की सकाळी अक्षताला पाय धरून ओढावं लागलं. नितेशची सगळी मंडळी विचारत होती, कुठून घेतलं. तिने सांगितलं, आमच्या ह्याने तीन महिने लावले शोधायला.

अभिमान वाटला. एकावर एक ठेवली की आर-व्हॅल्यूची बेरीज होते, हे मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं. दोन्हींची मिळून साडेआठच्या पुढे जाते. एवढ्यात दक्षिण ध्रुवावर निभावतं, जव्हार म्हणजे काहीच नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो का? रात्री घाम आला होता खरा."

जेवणं झाली. मी चटई झटकून नीट पसरली, तिची उशी शेजारी ठेवली. ती पॅड घेऊन शिडीकडे गेली. दोन्ही.

मी विचारलं, वर? आता तर मी तळमळत नाही. सगळं सांगून झालंय. परवा एकदाच वळलो, तूच लिहिलंस.

चेतना दुसऱ्या पायरीवर थांबली. म्हणाली, "प्रबुद्ध, तू परवा रात्रभर घोरलास. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. मी एक मिनिट झोपले नाही. म्हणून तर बस मिळाली."